जागा रिकाम्या, तरी इंजिनिअरिंगची फी का उतरत नाही?

प्रश्न विचारणारे गृहस्थ स्वतः १९९६ साली 'फ्री सीट'वर इंजिनिअरिंगला लागलेले. मुलगी यंदा बारावीला, धाकटा आठवीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दर वर्षी प्रवेश संपले की बातमी येते, इंजिनिअरिंगच्या एवढ्या हजार जागा रिकाम्या राहिल्या. माल पडून राहिला की भाव उतरतो, मग कॉलेजची फी का उतरत नाही? आमच्या वेळी वर्षाची फी चार आकडी होती, आज लाख-सव्वा लाख सांगतात, हे कुठल्या हिशेबाने? आणि धाकट्याची वेळ येईपर्यंत काही स्वस्त होईल का?

माझी नोकरी विनाअनुदानित कॉलेजांच्या लेखा विभागात गेली. फी मंजूर करून घेण्याचे प्रस्ताव तयार करणं, त्यावरच्या त्रुटी निस्तरणं, शिष्यवृत्तीच्या येण्याचा पाठपुरावा करणं हेच काम. त्यामुळे उत्तर त्या खिडकीच्या आतल्या बाजूने देतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची फी मागणी बघून ठरतच नाही. ती कॉलेजने दाखवलेल्या खर्चावरून ठरते. शिवाय फी ठरवणारा एक, घेणारा दुसरा आणि निम्म्याहून जास्त वेळा ती भरणारा तिसराच असतो. अशा व्यवहारात भाव उतरायचा तरी कुणाच्या दबावाने?

आधी तुमच्या चार आकडी फीचं बघू, कारण तिथेच पहिला गैरसमज आहे.

१९८३ पर्यंत आपल्याकडे इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नागपूरचं व्हीआरसीई, कराड, औरंगाबाद, अमरावतीची सरकारी कॉलेजं, अशी मोजकीच नावं. नंबर लागला नाही आणि घरी पैसा असला की पोरगं डोनेशन भरून कर्नाटकात जायचं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर कॉलेजं काढायला परवानगी दिली, त्यामागे हाही विचार होता की बाहेर जाणारा पैसा इथेच राहावा. विनाअनुदान म्हणजे सरकार पगाराला पैसा देणार नाही, जो काही खर्च असेल तो फीमधून काढा. त्यानंतर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, पुण्यात, नव्या मुंबईत कॉलेजं उभी राहिली. फीबरोबर डोनेशनही आलं. १९८७ साली कॅपिटेशन फी, म्हणजे डोनेशन, बंदीचा कायदा झाला. त्याने डोनेशन बंद झालं नाही, डोनेशनची पावती तेवढी बंद झाली.

मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९२ सालचा मोहिनी जैन निकाल कर्नाटकातल्या मेडिकलच्या फीवरून आला. तिथे सरकारी सीटला वर्षाला २,००० आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलाला ६०,००० रुपये असा फरक होता. १९९३ साली उन्नीकृष्णन निकालाने एक योजनाच घालून दिली: विनाअनुदानित कॉलेजमधल्या निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट'. फ्री सीटवाल्याने सरकारी कॉलेजइतकीच फी भरायची.

तुम्ही १९९६ साली भरलेली फी ती ही. कॉलेजला तुमच्यावर येणारा खर्च त्याहून कितीतरी जास्त होता आणि तो तुमच्याच वर्गातला पेमेंट सीटवाला स्वतःच्या फीसोबत भरत होता. म्हणून तेव्हाची चार आकडी फी आणि आजची लाखाची फी शेजारी ठेवून तुलना करू नका. तेव्हापासून महागाई साधारण पाच-सहा पट झाली असं धरा आणि तुलना करायचीच असेल तर तेव्हाच्या पेमेंट सीटशी करा. मग वाढ दिसते, पण डोळे पांढरे होतील इतकी नाही. माझ्या मते या तीस वर्षांतली खरी उलथापालथ फीच्या आकड्यात कमी आणि ती कोण भरतो यात जास्त झाली.

ही फ्री-पेमेंटची सोय २००२ साली संपली. टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उन्नीकृष्णन योजना मोडीत काढली, कारण एका विद्यार्थ्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारणं त्यांना मान्य नव्हतं. २००३ साली इस्लामिक अकॅडमीच्या निकालात राज्यांनी फी तपासायला समित्या नेमाव्यात असं ठरलं, आणि २००५ साली इनामदार निकाल आला. हा खटला आपल्या पुण्यातलाच, पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यातला मुद्दा असा की नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही, पण संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक राहिली तर हरकत नाही. आपल्याकडे आधी शिक्षण शुल्क समिती होती, २०१५च्या कायद्याने तिच्या जागी शुल्क नियामक प्राधिकरण आलं. आज तुम्ही एखाद्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी बघता तेव्हा तो आकडा या प्राधिकरणाने मंजूर केलेला असतो. कॉलेजला त्याहून जास्त घेता येत नाही.

आता प्रस्ताव कसा बनतो ते सांगतो. कॉलेज आपला लेखापरीक्षित ताळेबंद देतं. पगार, वीज, प्रयोगशाळा, इमारतीची देखभाल, घसारा, विद्यापीठ आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) यांची शुल्कं. प्राधिकरण त्यातला न चालणारा खर्च कापतं. त्याच संस्थेच्या शाळेचा पगार कॉलेजच्या खात्यात घुसवला असेल तर तो निघतो, पदाधिकाऱ्यांच्या गाडीचं डिझेल निघतं. (असली व्हाउचरं शोधून काढण्यात तिथले लोक आता चांगले तयार झालेत. पूर्वी बरंच काही खपून जायचं.) उरलेल्या मान्य खर्चावर महागाईची वाढ धरायची, विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचं, वर विकास शुल्क लावायचं. आली फी.

यात मागणी कुठे आहे? कुठेच नाही. आणि भागाकारात मुलांची संख्या खाली असते, वर नसते.

एक कल्पित कॉलेज घ्या. पहिल्या वर्षाला ३०० जागा, चार वर्षांचे मिळून १,२०० विद्यार्थी, वर्षाचा खर्च १२ कोटी. डोईला एक लाख. आता मुलं निम्मी झाली, ६०० राहिली. खर्च निम्मा होतो का? इमारत तेवढीच, ट्रान्सफॉर्मर तेवढाच, ग्रंथपाल एकच, प्राचार्य एकच. काही अस्थायी प्राध्यापक कमी केले, काहींना तासिका तत्त्वावर आणलं, तरी खर्च फार तर साडेनऊ कोटींवर येईल. भागा ६०० ने. डोईला एक लाख अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. मुलं निम्मी झाली आणि डोईचा खर्च दीडपटीच्या वर गेला.

एवढी फी अर्थातच कुणी मंजूर करत नाही आणि केली तरी उरलेली मुलंही पळून जातील. म्हणून भागताना कुठली संख्या धरायची, मंजूर प्रवेशक्षमता की प्रत्यक्ष बसलेली मुलं, यावर कॉलेजं आणि प्राधिकरण यांच्यात कायम ओढाताण चालते. मंजूर क्षमता धरली तर रिकाम्या बाकांचा तोटा संस्थेवर, बसलेली मुलं धरली तर तो पालकांवर. तोटा संस्थेवर आला की तो कुठे उतरतो हे आमच्यासारख्या लोकांना चांगलं माहीत आहे: पगारावर. प्राध्यापकांचे सहा-सहा, आठ-आठ महिने पगार थकलेली कॉलेजं तुमच्या जिल्ह्यातही असतील. तिथे फी कमी दिसते, पण ती स्वस्ताई नव्हे. पगार न मिळालेला माणूस दुसरी नोकरी शोधत वर्गावर उभा असतो.

खर्चावर आधारलेल्या फीची उलटी बाजूही बघा. पुण्यातलं एखादं भरलेलं, नावाजलेलं कॉलेज. तिथे एक जागा रिकामी नाही, मुलं जास्त म्हणजे डोईचा खर्च कमी यायला हवा. पण ज्या खर्चावर पुढच्या वर्षीची फी ठरणार तो खर्च आवरायची घाई कोणाला असेल? नवी इमारत, नवा सेमिनार हॉल, मानांकनासाठी खरेदी, सगळं ताळेबंदात चढतं. त्यामुळे भरलेल्या कॉलेजची फी खर्च वाढल्याने चढते आणि रिकाम्या कॉलेजची भाजक घटल्याने. कारणं दोन, दिशा एकच.

याचा एक पुरावा मी स्वतः कागदावर पाहिला आहे. एआयसीटीईने २०१८-१९ पासून शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केलं. वरच्याच कल्पित कॉलेजात ८० शिक्षक लागायचे तिथे ६० पुरे झाले. इंजिनिअरिंग कॉलेजचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा. म्हणजे कागदोपत्री पगाराचा चौथा हिस्सा वाचायला हवा होता आणि फीला तेवढी उतार पडायला हवी होती. त्याच सुमारास सातवा वेतन आयोग आला, काही कॉलेजांनी तो दिला, काहींनी नुसता दाखवला, आणि उतार कुठे गेली ते कुणी विचारलंही नाही. पालकांपर्यंत ही बातमी पोचलीच नसावी.

आता मुलांच्या संख्येकडे वळू. 'इंजिनिअरिंगच्या जागा रिकाम्या' ही बातमी वाचून लोकांना वाटतं की पोरं शिकायचीच थांबली. उलट आहे. देशात उच्चशिक्षण घेणारे २०१४-१५ मध्ये ३.४२ कोटी होते, २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी झाले. त्यात मुली २.०७ कोटी, म्हणजे जवळपास निम्म्या. १८ ते २३ वयोगटाशी प्रमाण काढलं तर देशाचा आकडा २८.४ टक्के आणि महाराष्ट्राचा ३५.३. कॉलेजात जाणारी मुलं वाढतच आहेत.

घसरली ती इंजिनिअरिंगची जत्रा. २००५ नंतर आयटीच्या तेजीत ज्याला त्याला कॉलेज काढायचं होतं. देशात बीई-बीटेकच्या मंजूर जागा २०१४-१५ मध्ये १७ लाखांवर गेल्या. भरायला तेवढी मुलं नव्हती आणि भरलेल्यांना द्यायला तेवढ्या नोकऱ्या नव्हत्या. २०१६-१७ मध्ये देशातल्या निम्म्या जागा रिकाम्या होत्या. आपल्या राज्यातही त्या काळात रिकाम्या जागांचा आकडा पन्नास हजारांच्या पुढे गेला होता. मग एआयसीटीईने नव्या कॉलेजांना दोन-तीन वर्षं दार बंद केलं, अनेक संस्थांनी तुकड्या परत केल्या आणि २०२१-२२ पर्यंत देशातल्या जागा साडेबारा लाखांवर आल्या. तिथून पुन्हा चढ. कोविडनंतरची आयटी भरती, मग एआय आणि डेटा सायन्सचं वारं. २०२४-२५ पासून एका शाखेला २४० जागांची कमाल मर्यादा होती तीही उठवली आणि देशाचा आकडा १४.९ लाखांवर गेला. महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये जागा दोन लाखांच्या पुढे गेल्या.

म्हणजे रिकाम्या जागा आणि नव्या जागा एकाच वेळी वाढतात. रिकाम्या आहेत तालुक्याच्या कॉलेजातल्या सिव्हिलच्या, मेकॅनिकलच्या. नव्या निघतात पुण्यात, नव्या मुंबईत, नागपुरात, नाशकात, कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या. तुमच्या मुलीला हवी असलेली जागा कधीच रिकामी नव्हती. बातमीतला रिकामेपणा दुसऱ्याच मालाचा आहे.

आणि आतली गोष्ट म्हणजे फी शाखेनुसार वेगळी नसते. एका कॉलेजात बीईची फी सगळ्या शाखांना एकच. मेकॅनिकलची वर्कशॉप बघितली असेल तुम्ही: लेथ, मिलिंग, फाउंड्री, इंजिनांची लॅब, त्यांचे इन्स्ट्रक्टर. तिथे साठाच्या तुकडीत पंधरा मुलं. कॉम्प्युटरला संगणक आणि एसी सोडले तर खर्च कमी आणि तुकड्या ओसंडून. हिशेब मात्र एकत्र होतो. तुमच्या वेळी पेमेंट सीटवाला तुमचा खर्च उचलत होता. आज कॉम्प्युटरची पोरं मेकॅनिकलच्या रिकाम्या बाकांचा खर्च उचलतात. कोर्टाने दारातून घालवलेली पद्धत खिडकीतून आत आली, एवढंच.

आता भरणारा कोण ते बघू. माझ्या मते सगळा पेच इथे आहे.

आमच्या खिडकीवर एका वर्गातली चार मुलं येतात. फी समजा एक लाख, सोपं जावं म्हणून सगळी शिकवणी शुल्कच धरू. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाची सगळी शिकवणी फी सरकारकडून. ओबीसी मुलगा, आणि खुल्या गटातला पण आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला, यांची निम्मी सरकारकडून. खुल्या गटासाठी ही राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. चौथा आठ लाखांच्या वरचा, तो पूर्ण भरतो. लेजरमध्ये पहिल्या तिघांच्या नावापुढे 'शासनाकडून येणे' असा रकाना असतो आणि कित्येक कॉलेजांत वर्षभराच्या जमेतला सगळ्यात जाड रकाना तोच.

आता अशा कॉलेजने फी वीस हजारांनी उतरवली असं समजा. पहिल्या मुलाला काडीचा फरक नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला दहा-दहा हजारांचा. कॉलेजचं मात्र प्रत्येकाचे पूर्ण वीस हजार गेले. शिवाय उतरवलेली फी पुढच्या प्रस्तावात पाया म्हणून डोक्यावर बसते. कुठला संस्थाचालक हे करेल?

तो दुसरं करतो. फी कागदावर तशीच ठेवतो आणि मुलाच्या वाट्याची निम्मी फी 'बघून घेऊ' म्हणतो. पहिल्या वर्षी बस फुकट. वसतिगृह निम्म्या दरात. प्राध्यापकांना प्रवेशाचं टार्गेट देऊन मे-जूनमध्ये गावोगाव पाठवतो. असली आमिषं देणाऱ्या एका कॉलेजचे हिशेब मी जवळून बघितले आहेत. तिथे पावतीपुस्तकावरची फी आणि प्रत्यक्ष हाती येणारी फी यांत एवढं अंतर होतं की ताळेबंद कुठल्या आकड्यावर बांधायचा हाच प्रश्न पडायचा. म्हणजे तुमचं बाजाराचं तर्कशास्त्र चुकलेलं नाही, रिकाम्या जागांनी भाव खरंच उतरतो. फक्त तो उतार पावतीवर दिसत नाही, आणि लिहून दिलेला नसल्यामुळे दुसऱ्या वर्षी तोंडी सूट आठवेनाशी होते.

अमेरिकेतही असंच चाललंय, म्हणून हा आपलाच आजार समजू नका. तिथे विद्यार्थीसंख्या २०१० च्या आसपास दोन कोटी दहा लाखांपर्यंत चढून मग घसरली. खासगी विना-नफा कॉलेजांनी छापील फी उतरवली नाही, सवलती वाढवल्या. पहिल्या वर्षाच्या पदवी विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त फी माफ होते. आपल्याकडून एमएसला जाणाऱ्यांच्या वाट्याला ती सूट सहसा येत नाही. ते छापील दर भरतात, म्हणून तर हवेसे असतात.

परत आपल्याकडे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुली. आधी हीच सवलत निम्मी होती. मंत्रिमंडळाने त्यासाठी ९०६ कोटींच्या वाढीव बोज्याला मंजुरी दिली. निर्णय चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. ग्रामीण भागातल्या बापाने 'मुलगी आहे, बीएससी कर' म्हणायचं एक कारण त्याने कमी झालं. पण फीच्या आकड्यावर त्याचा परिणाम काय होणार? भरणाऱ्यांपैकी आणखी एक मोठा गट आकड्याकडे बघायचाच थांबला. आता फीवर नजर ठेवणारं कोण उरलं, तर सरकारचा वित्त विभाग आणि आठ लाखांच्या वरचा पालक. वित्त विभाग आपली नाराजी पैसे उशिरा देऊन दाखवतो. रक्कम शैक्षणिक वर्ष संपल्यावर, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी येते. तोवर कॉलेज कर्ज काढून पगार करतं आणि त्या व्याजाची झळ शेवटी कुठे लागते हे वेगळं सांगायला नको.

त्या आठ लाखांबद्दल मात्र मला राग आहे. ही मर्यादा २०१८ च्या सुमारास आली आणि तिथेच अडकली. तेव्हा आठ लाखांत दोन शिक्षकांचं घर कसंबसं बसायचं. आज एका ज्येष्ठ शिक्षकाचा पगार ती ओलांडतो. मर्यादा न हलवता दर वर्षी काही हजार कुटुंबं आपोआप पूर्ण फी भरणाऱ्यांत ढकलली जातात. उत्पन्न ७ लाख ९० हजार असेल तर निम्मी फी माफ, ८ लाख १० हजार झालं की शून्य. वीस हजारांच्या पगारवाढीने पन्नास हजारांची माफी जाते, म्हणजे बढती घेऊन माणूस खड्ड्यात. मध्यमवर्गाला 'फी फार वाढली' असं जे वाटतं त्यातला बराच भाग हा आहे. फी तेवढी वाढलेलीच नाही, माफी गेली. मर्यादेत टप्पे करा, आठ ते बारा लाखांना पंचवीस टक्के द्या, असं आम्ही लोक वर्षानुवर्षं बोलतो. बोलतोच.

आणखी एक वाट फुटली आहे ती खासगी विद्यापीठांची. गेल्या दहा वर्षांत काही जुन्या, भरलेल्या कॉलेजांच्या संस्थांनी स्वतःची विद्यापीठं काढली. पुण्यातल्या एमआयटीचं २०१७ साली झालेलं विद्यापीठ तुम्हाला माहीत असेलच. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांची फी विनाअनुदानित कॉलेजांसारखी प्राधिकरण ठरवून देत नाही, आणि वर सांगितलेली मुलींची माफी तिथे लागू नाही. तीन-चार लाखांची फी तुम्ही ऐकली असेल तर ती बहुधा तिथली. खरा बाजारभाव बघायचा असेल तर तो तिथे दिसतो. सरकारी संस्थाही मागे नाहीत: आयआयटीची वार्षिक शिकवणी फी २०१३ साली ५० हजारांवरून ९० हजार झाली आणि २०१६ साली थेट दोन लाख. गरीब आणि मागास घटकांना तिथे माफी आहे, पण दिशा तीच: छापील आकडा चढवा आणि खाली माफीची शिडी लावा. २०२२ साली एआयसीटीईच्या समितीने इंजिनिअरिंगसाठी वर्षाला कमीत कमी ७९,६०० आणि जास्तीत जास्त सुमारे १ लाख ८९ हजार अशी चौकट सुचवली होती. कमाल मर्यादा सगळ्यांना समजते. किमान कशाला? कारण काही राज्यांत सरकारी परताव्याला बांधलेली फी इतकी खाली ठेवली होती की कॉलेज नीट चालणंच शक्य नव्हतं.

धाकट्यासाठी थांबलं तर स्वस्त होईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. महाराष्ट्रात एका बाईमागे मुलांची सरासरी १९९२-९३ मध्ये जवळपास तीन होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. अठरा वर्षांची पोरं पुढच्या दशकात कमीच होत जाणार. तरी मला तुमच्या धाकट्याच्या वेळेपर्यंत फी उतरेल असं वाटत नाही. पोरं कमी होण्याआधी कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतंय, मुली वाढल्यात, आणि सगळ्यांचा ओढा त्याच चार शहरांतल्या त्याच तीन शाखांकडे आहे. तालुक्याची कॉलेजं बंद पडतील, शहरातली फुगतील. जवळचं कॉलेज गेलं की घरी राहून शिकणारं पोर पुण्यात जातं, आणि पुण्यात खोली, मेस, प्रवास मिळून वर्षाला लाखाच्या पुढे सहज जातात. फीच्या तक्त्यात हा खर्च कुठेच नसतो आणि त्यावर कुठलंही प्राधिकरण नाही. पुढच्या काळातली खरी महागाई मला तिथे दिसते.

मुलीसाठी एवढं करा. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा, माहितीपुस्तिकेत किंवा फोनवर सांगितलेली नको. शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क वेगळं लिहून घ्या, कारण माफी लागते ती शिकवणी आणि परीक्षा शुल्काला, बाकीचं भरावं लागतं. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि तुमच्या गटाप्रमाणे लागणारं प्रमाणपत्र आत्ताच काढा. जुलैत सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. कॅप फेरीचे (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचे) पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या जागांचे, पर्याय वर टाकायला विसरू नका. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा पूर्ण शिकवणी फी माफीच्या असतात, उत्पन्नाची अट तीच, त्यांचा कोड वेगळा असतो आणि कटऑफ थोडा वर लागतो. प्रवेश कॅपमधूनच घ्या, संस्थास्तरीय कोट्यातून घेतला तर माफी गेली. पात्र मुलीकडून 'आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हणून पूर्ण फी मागितली तर ती मागणी लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा त्यावर आवाज खाली येतो. आणि तालुक्याच्या कॉलेजचा विचार असेल तर गेल्या तीन वर्षांची प्रवेशक्षमता बघा. १२० ची ६० आणि ६० ची ३० होत आली असेल तर फी कितीही कमी सांगोत, प्राध्यापकांचे पगार किती महिन्यांचे थकलेत ते आधी गावात विचारा.

उत्पन्न आठ लाखांच्या वर असेल तर कर्जाचा विचार आजच करा. २०२४ च्या शेवटी आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज आहे, पण दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळण्याची अटही पुन्हा तीच, आठ लाखांची.